चॉप कधी कापावा

“कापून बघू का?”

“नको.”

“मग आतून शिजला की नाही हे कळणार कसं?”

“शिजला की कळेल.”

“पण कशावरून, ते तर सांगा काका...”

दुमिंग विंझण्याने निखाऱ्यांना वारा घालत राहिला.

दुमिंग तुस्कानो. वय शहात्तर. गुडघे गेलेले, आणि स्वभाव गुडघ्यांच्याही आधी गेलेला. आमच्या वसईकडच्या गावात लग्न असो की क्रुसाचा सण, डुकराचं मटण त्याच्याच हातचं. त्यातही जाळीवर भाजलेला चॉप.

मी त्याचा शेजारी. शाळेतून निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, तरी गाव मला मास्तरच म्हणतं. त्या शनिवारी मी दुमिंगच्या ओट्यावर सकाळी आठपासून बसलो होतो, ते केवळ जेवणाच्या आशेने. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे माझा सूर एवढा चिडका का, असं कुणी विचारायला नको.

चिमटा धरून उभा होता तो एल्विन लोपीस. बोटीवरच्या हॉटेलात चौदा वर्षं शेफ. आता समुद्राच्या रस्त्यावर त्याने स्वतःचं छोटं हॉटेल काढलं आहे. शर्टाच्या खिशाला लोक पेन लावतात, तसा त्याने थर्मामीटर लावला होता. टोकाला लांब सुई असलेला.

त्याच्या आईला जाऊन वर्ष होत होतं, दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये तिच्यासाठी मिस्सा होती. मिस्सेनंतर घरी जेवण. त्या जेवणाबद्दल त्याच्या बापाने, बावतीसने, त्याला एकच वाक्य सांगितलं होतं.

“चॉप दुमिंगला करायला सांग. तू राहू दे.”

चौदा वर्षं परक्या माणसांना जेवू घातलं. आणि सख्ख्या आईच्या जेवणाला, तू राहू दे.

एल्विन सकाळीच सातही चॉप घेऊन दुमिंगकडे आला तो याच रागात. “काका, तुम्ही पप्पांना नाही म्हणा. आणि तुमची रीत मला शिकवा. उद्याचे चॉप मीच करणार.”

दुमिंग म्हणाला होता, “नाही म्हणत नाही. शिकवतही नाही. तू कर. मी बघतो.”

आणि खरंच, तीन तास तो नुसता बघत होता. असा वैताग मी शाळेतसुद्धा कधी भोगला नाही.

सुरुवात बरी झाली होती. चॉप दोन बोटं जाड, हाडासकट, कडेची चरबी न काढलेले. दुमिंगने ते उलटेपालटे करून पाहिले.

“मटणवाल्याने एवढे जाड दिले?”

“भांडून घेतले.”

“हं.”

दुमिंगचं ‘हं’ म्हणजे पुष्कळच झालं. पण पोराला तेवढ्यावर थांबता येईना. त्याने हंडीत पाणी घेतलं, मीठ घातलं, चिमूटभर गूळ, ठेचलेला लसूण, मिरी. त्यात चॉप बुडवले आणि म्हणाला, “हे ब्राइन. सहा टक्के. दोन तास. याने मांस पाणी धरून ठेवतं.”

“आम्ही मिठाचं पाणी म्हणतो,” दुमिंग म्हणाला.

“तेच ते.”

“मग तेच म्हण.”

दोन तास आम्ही तिघे त्या हंडीकडे बघत बसलो. मध्ये एकदा दुमिंगने मला बावतीसच्या वाडीवर पिटाळलं. जेवायला केळीची पानं हवीत म्हणावं, चार. मी गेलो, सांगून आलो. एल्विन तेव्हा करवंट्या पेटवण्यात गुंग होता.

दोन तासांनी त्याने चॉप बाहेर काढले, फडक्याने टिपून कोरडे केले आणि पहिला जाळीवर टाकला.

पहिला चॉप त्याने चिमट्याने दाबला. चर्र आवाज झाला, धूर उठला. त्याला आवडलं असावं. परत दाबला.

“ऐकलंस?” दुमिंगने विचारलं.

“काय?”

“तो आवाज.”

“हो. मस्त येतोय.”

“तो मटणातला रस. निखाऱ्यांना पाजलास.”

पहिला चॉप दुमिंगच्या टायगरला गेला. टायगर म्हातारा कुत्रा, पण दात चांगले. तरी तो जांभळीखाली बराच वेळ चावत बसला होता आणि मधूनमधून आमच्याकडे बघत होता.

दुसऱ्या वेळी एल्विनने दाबला नाही. पण दर मिनिटाला थर्मामीटरची सुई खुपसली. एकदा इथून, एकदा तिथून, एकदा हाडापाशी. त्या प्रत्येक भोकातून थेंब थेंब बाहेर येत होता.

“तू याला शिजवतोयस की टोचतोयस?”

“टेंपरेचर बघतोय, काका! डुकराचं मटण कच्चं राहून चालत नाही. पप्पांना तर मुळीच नाही.”

“त्याला एकदा विचारलंस, त्याने सांगितलं. दहादा का विचारतोस?”

“खात्री नको?”

“खात्री होईपर्यंत काय उरतं ते बघ.”

जे उरलं ते टायगरने हुंगलं, आणि पहिलाच बरा होता अशा चेहऱ्याने परत पहिल्याकडे वळला.

आता तिसरा. हा मात्र त्याने बरोबर केला, हे मलासुद्धा दिसत होतं. निखारे एका बाजूला ओढले. चॉप आधी त्या बाजूला, दोन्हीकडून सोनेरी होईपर्यंत. मग चिमट्याने उभा धरून चरबीची कड भाजली. मग जाळीच्या रिकाम्या बाजूला सरकवला, जिथे खाली निखारे नव्हते. दाबला नाही. सुई खिशातच.

आणि मग त्याने विचारलं होतं, कापून बघू का.

दुमिंगने चिमटा मागून घेतला. चॉप हाडाला धरून उचलला. तो चिमट्यात जरासा लवला, कडक झाला नव्हता. “उतर,” एवढंच म्हणून दुमिंग घरात मिठाची बरणी ठेवायला गेला.

तो उंबऱ्याआड गेला मात्र, पोराने सुरी घातली.

मी “अरे!” म्हणालो. उपयोग झाला नाही.

चॉप आतून शिजला होता. कुठे लाल नाही, कुठे कच्चा नाही. पण सुरी फिरली तसा सगळा रस ताटलीभर पसरला. बघता बघता कापलेली बाजू फिकी पडली. एल्विनने तुकडा तोंडात टाकला, चावला... चावत राहिला.

दुमिंग परत आला. ताटलीकडे पाहिलं. बसला.

“बघा!” एल्विन ओरडलाच. “सगळं बरोबर केलं की नाही? जाड कापला, मिठाच्या पाण्यात ठेवला, दाबला नाही, टोचला नाही. आणि तरी कोरडा! हेच त्या दिवशी झालं. अगदी हेच!”

“कुठल्या दिवशी?”

“पप्पा माझ्या हॉटेलात आले होते. एकदाच आले. गेल्या महिन्यात. मी स्वतःच्या हाताने चॉप केला. त्यांनी एक घास खाल्ला, छान आहे म्हणाले आणि हात पुसले. उरलेला तसाच... छान आहे म्हणून कोणी ताटात टाकतं का?”

दुमिंगने विंझण्याने धूर बाजूला सारला.

“तेव्हापासून माझं डोकं फिरलंय. आणि आता हे, तू राहू दे! काका, तुम्ही नक्की काहीतरी घालता. ताडीचं व्हिनेगर? काय ते सांगून टाका ना एकदा!”

“चॉप उतरवल्यावर काय करतात?”

“विसावा देतात.” पोराने लगेच सांगितलं. “सात मिनिटं. गरम असताना कापला तर रस बाहेर येतो, थोडा थांबला तर आतच राहतो. काका, हे मला बोटीवर पहिल्या आठवड्यात शिकवलं. मी पुढे वीस पोरांना शिकवलं. घड्याळ लावून!”

मी कपाळाला हात लावला. म्हणजे याला माहीत होतं. आणि आम्ही सकाळपासून उपाशी!

दुमिंगलाही ते झेपलं नसावं. त्याने विंझणा खाली ठेवला.

“गिऱ्हाइकाला विसावा देऊन वाढतोस?”

“अर्थात.”

“आणि बापाला?”

...

“बापाला?”

“त्यांना... गरम दिला. जाळीवरून थेट. धूर निघत होता ताटलीतून.”

“का?”

“ते थांबत नाहीत, काका. तुम्हाला माहीत आहेत ते. उठून गेले असते.”

“ताटली ठेवून तू कुठे गेलास?”

“किचनमध्ये.”

“का?”

“ऑर्डरी होत्या.”

“किती?”

एल्विनने जाळीकडे पाहिलं. मग टायगरकडे.

“सोमवार होता,” तो म्हणाला. “गिऱ्हाईक नव्हतं.”

टायगर जांभळीखाली अजून चावत होता. मग पोर आपण होऊन बोलू लागलं, तेही भांडल्यासारखं.

“सात मिनिटं मी त्यांच्यासमोर बसून काय करू? सांगा ना! मम्मी गेली तेव्हा मी बोटीवर. आठ दिवसांनी पोचलो. तेव्हा ते काही बोलले नाहीत. नंतरही नाहीत. घरात असतात, वाडीत जातात, येतात. मीठ दे, दार लाव, एवढंच. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्या शांततेत दोन मिनिटं बसलं तरी माझा जीव घुसमटतो. म्हणून मी ताटली ठेवली आणि पळालो. बस? झालं समाधान?”

“तुमच्या घरी आधी चॉप कोण करायचं?”

“मम्मी. तुमच्याकडूनच शिकली होती ना.”

“कोरडा व्हायचा?”

“कधीच नाही.”

“घड्याळ लावायची?”

“कसलं घड्याळ!” त्याला हसू आलं, पण तेही वैतागलेलं. “ती प्रार्थना सांगायची जेवणाआधी. संपता संपायची नाही. देवाचे आभार, पावसाचे आभार, मग घरातले जेवढे मेले त्यांची नावं. एकेकाचं. आम्ही पोरं भुकेने रडकुंडीला यायचो. चॉप समोर, परातीखाली झाकलेले, वास सुटलेला, आणि हिची नावं चाललेली...”

तो थांबला.

दुमिंगने टिपून ठेवलेल्या चॉपकडे बोट दाखवलं. “चार राहिलेत. चारही टाक.”

“चार कशाला? आपण तिघे.”

“टाक म्हटलं ना.”

त्याने टाकले. या वेळी एक शब्दही न बोलता केलं सगळं. एक बाजू, दुसरी बाजू, चरबीची कड, मग रिकामी बाजू. वास असा सुटला की मी ओट्यावरून दोनदा उठलो आणि दोनदा बसलो. चारही उतरवून त्याने थाळ्यात ठेवले. दुमिंगने त्यांच्यावर परात पालथी घातली आणि तिची एक कड चमच्यावर टेकवली, वाफ कोंडू नये एवढीच फट.

त्याच वेळी फाटक वाजलं.

बावतीस लोपीस. खांद्यावर टॉवेल, हातात केळीच्या पानांची गुंडाळी. एल्विनला बघून तो जागीच थांबला.

“दुमिंग, ही पानं. चार. जातो मी.”

“जेवून जा.”

“घरी भात आहे.”

“असू दे. बस.”

बावतीसने परातीकडे पाहिलं. “कोणी केलंय?”

“करवंट्यांनी.”

एल्विन दुमिंगच्या कानाशी वाकला. दात ओठ खात कुजबुजला, “तुम्ही यांना बोलावलंत?”

“मी पानं बोलावली. माणूस बरोबर आला.”

बावतीस बाकावर बसला, अगदी कडेला, उठायला सोपं पडेल असा. पोराने पानं धुतली, मांडली. मग हात पुसत म्हणाला, “तुम्ही बसा. मी जरा निखारे बघतो.”

दुमिंग उठला. गुडघ्यांनी कुरकुर केली, त्यानेही केली. हंडी उचलली आणि तिच्यातलं मिठाचं पाणी त्याने निखाऱ्यांवर ओतलं. सगळं. फस्सकन राख उडाली, अंगण धुराने भरलं, टायगर भुंकत लांब पळाला.

“काय बघायचंय ते बघ आता,” दुमिंग म्हणाला.

पोर बसलं. बसायला जागा बापासमोरच होती.

...

बावतीस पानाची शीर बोटाने चेपत होता. एल्विन मनगटावरच्या घड्याळाकडे बघत होता. दुमिंग कुणाकडेच बघत नव्हता. मी परातीकडे बघत होतो, खोटं कशाला सांगू.

...

“पाणी देऊ, पप्पा?”

“नको.”

...

“वाडीत... केळी कशी आहेत?”

“आहेत.”

...

मला वाटलं, एल्विन आता उठून समुद्राकडे चालू लागणार. कपाळावर घाम जमला होता. कशीबशी त्याने घड्याळातली वेळ भरून काढली आणि सुटल्यासारखा म्हणाला, “काका, सात झाली. कापू?”

“नको.”

“सात म्हणजे सात! आता थंड होतील!”

“नको म्हटलं.”

आता बावतीसचाही तोल गेला. “दुमिंग, काय चालवलंयस हे? वाढायचं असेल तर वाढ, नाहीतर मी जातो. भरल्या पानासमोर तरी एक वेळ ठीक होतं. रिकाम्या पानासमोर किती बसायचं माणसाने?”

दुमिंगने हात जोडले. डोळे मिटले.

आम्ही सगळे थांबलो, तो प्रार्थना सांगेल म्हणून. तो सांगेना. यजमान प्रार्थना सांगत नसेल तर जमलेल्यांतल्या वयाने सर्वांत मोठ्या माणसाने सांगायची, ही आमच्याकडची पद्धत. आणि बावतीस दुमिंगपेक्षा दोन वर्षांनी मोठा. त्याने एकदा दुमिंगकडे रागाने पाहिलं, मग टॉवेल खांद्यावरून काढून मांडीवर ठेवला.

“वर्ष झालं,” तो पुटपुटला. “सवय गेली.”

तरी सुरुवात केली. भराभर, गाडी चुकायची असल्यासारखी. देवा, या जेवणाला आशीर्वाद दे. पावसासाठी आभार, वाडीसाठी आभार. आमचे जे गेले त्यांच्या आत्म्याला शांती दे. बाप कैतान. आई मरियान. भाऊ जुवाव. बहीण इसाबेल, आणि तिचं ते लहान पोर. आणि...

आणि पुढे जाईना.

त्याने घसा खाकरला. परत म्हणाला, “आणि...”

एल्विनने घड्याळाकडे पाहिलं नाही. बापाकडे पाहिलं. मला वाटतं वर्षभरात पहिल्यांदा.

“आणि मम्मी,” तो म्हणाला.

बावतीसने डोळे उघडले नाहीत. “नीट नाव घे,” तो करवादला. “देवाला काय कळणार कुठली मम्मी?”

“एस्पेरांस.” पोराचा आवाज फुटला. “एस्पेरांस बावतीस लोपीस.”

...

“मी नव्हतो, पप्पा.”

“माहीत आहे. मी होतो.”

“फोन आला तेव्हा बोट बंदरापासून पाच दिवस लांब...”

“तेही माहीत आहे.” बावतीस टॉवेलने डोळे पुसत होता आणि त्या टॉवेलवरच चिडत होता. “शेवटी विचारत होती. एल्विन जेवला का? मरायला टेकलेली बाई, आणि विचारते काय, तर एल्विन जेवला का. मी काय सांगणार होतो? मला काय ठाऊक तू तिकडे जेवतोस की नाही? वर्षभर तुला विचारीन म्हणतोय... आणि तू समोर थांबशील तर ना! ताटली आपटलीस आणि पळालास. मी काय भिंतीबरोबर जेवू?”

एल्विन नुसता रडत होता, मोठा अडतीस वर्षांचा शेफ.

“जेवलास का तेव्हा?” बापाने विचारलं. “त्या दिवशी?”

“नाही.”

“हं,” बावतीस म्हणाला.

किती वेळ गेला कोण जाणे. घड्याळ पोराच्या मनगटावर होतं आणि मनगट बापाच्या हातात. बावतीसने ते कधी धरलं, मी पाहिलं नाही. निखारे काळे झाले होते. टायगर परत येऊन बाकाखाली बसला होता.

माझंही नाक भरून आलं होतं. तरी भूक ती भूक. मी हळूच परातीकडे हात नेला. दुमिंगने माझ्या हातावर विंझण्याचा दांडा हाणला.

मग त्याने स्वतः परात उचलली. सुरी उलटी धरून मूठ एल्विनकडे केली.

“आता काप.”